फोप्पेचं चौथं प्रकरण

फोप्पे होइटिंगा चीज इतकं पातळ कापायचा की खालचा पाव दिसायचा. त्याला चिक्कू म्हणू नका, त्याचं कामच ते. वस्तूवर भार टाकायचा, जिथला धातू फुकट बसून आहे तिथला कॉम्प्युटरकडून काढून टाकायचा, की वस्तू हलकी आणि तरी कणखर. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात आम्ही सगळे हेच करतो आणि घरी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

फोप्पेची युक्ती अशी, की हिशेब मोठ्या चौकोनांवर करायचा, म्हणजे तो लवकर उरकतो. धातू मात्र प्रत्येक चौकोनात बारीक कणांनी रचायचा. एवढ्या मोठ्या चौकोनाला सरळ रेषेत वाकून भागत नाही, म्हणून त्याला वरच्या घाताच्या समीकरणांची बाकदार वळणं द्यायची. या रीतीनं त्यानं आईसाठी सायकलचं कॅरियर काढलं. चित्र जाळीदार, देखणं. कॉम्प्युटर म्हणाला, हे भरीव लोखंडालाही हार जायचं नाही. डॉक्टरेटच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं होतं. प्रबंध छापून झाला, तोंडी परीक्षेची तारीख ठरली.

मग त्यानं हौसेनं ते कॅरियर धातूच्या प्रिंटरवर काढून घेतलं. भुकटी झटकली, तर हातात मूठभर चुरा! कण एकमेकांना लागलेलेच नव्हते. मधल्या फटी इतक्या बारीक, की चौकोनाच्या वळणांना त्या दिसल्याच नाहीत. त्यानं सगळं जोडलेलं धरलं होतं.

"तू गप्प बस," मी म्हणालो. "तासभर उभा राहा. विद्यापीठाच्या चोपदार बाई घुंगरांचा दंड घेऊन आल्या, 'वेळ झाली' म्हणाल्या, की सुटलास. त्यापुढे कुणाला एक शब्द बोलता येत नाही."

"पण कुणी विचारलं तर?"

"प्रबंध वाचलाय कुणी, विचारायला?"

परीक्षेला आम्ही दोघंही भाड्याच्या शेपटीवाल्या कोटात; मी तिथल्या रीतीप्रमाणे त्याचा पाठीराखा म्हणून बाजूला उभा. पहिल्या रांगेत त्याची आई, आफ्के. शेवटी परीक्षकांपैकी प्राध्यापक रेंगर्सबाई म्हणाल्या, "चौथं प्रकरण वाचून मी थक्क झाले. विचारण्यासारखं काही उरलंच नाही."

अहो, बाईंनी सोडला होता त्याला! दाराबाहेर दंडाची घुंगरं वाजली. मी मनात म्हटलं, आता तोंड मिट रे बाबा.

फोप्पेनं खिशातून पिशवी काढून चुरा टेबलावर ओतला. "हेच ते कॅरियर. आईला यावर बसवणार होतो. चित्र खोटं आहे, आणि मी —"

"वेळ झाली!"

फोप्पे थांबला. नियम म्हणजे नियम. परीक्षक आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मला त्याचा असा संताप आला होता, की पाठ राखण्याऐवजी तिच्यात एक गुद्दा घालावा.

परत आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पदवी दिली आहे. चौथं प्रकरण सोडून. तुमचं वाक्य राहिलं होतं."

"— हे आधीच बघायला हवं होतं," फोप्पे म्हणाला.

बाहेर त्याची सायकल उभी होती. तिला जुन्या बाजारातलं जाडजूड लोखंडी कॅरियर. आफ्के त्यावर एका बाजूला पाय सोडून बसली. फोप्पेनं जोर लावला.

"जड आहे," तो म्हणाला.

"मी, की हे?"

"दोघंही. पण याचं सगळं एकमेकांना लागलेलं आहे, आई. मी बोटानं चाचपून बघितलंय."

"मग चल," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या कोटाची शेपटी घट्ट धरली.