घरून भरून नेलेला तांब्या

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही... वलगावची सखूबाई माळीण ज्या पाण्यापायी अमरावतीच्या हौदावरून हाकलली गेली, ते पाणी मी नासवलं होतं. महिन्यापूर्वी अकोल्यात एका गाडीवानाने ती वारल्याचं सांगितलं. तेव्हापासून पाण्याचा घोट घशाखाली उतरताना किळस येते. पाण्याची नव्हे, माझी.

तिकडे समुद्रापल्याड लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि माणसं पिसाळली. गावाबाहेरच्या विहिरीचं पाणी खापरी नळाने हौदात येई, आणि त्या नळाच्या दुरुस्तीचा मी मुकादम. खापरांचे सांधे चुना, जवसाचं तेल आणि स्वच्छ पिंजलेला कापूस एकत्र कुटून बुजवायचे. मी तो कापूस विकला आणि गाड्यांखालचा झाडून गोळा केलेला कापूस, सरकी-शेणाने माखलेला, चुन्यात कुटला. नळ जात होता नेमका कापसाच्या गाड्या सुटायच्या त्या गाडीतळाखालून. सांधे धरलेच नाहीत. बैलांचं मूत आत झिरपू लागलं.

दुरुस्ती झाली की हौदाचा पहिला तांब्या मुकादमाने चारचौघांत प्यायचा, ही रीत. त्या सकाळी ओंजळ नाकाशी नेली तर गोठ्याचा भपका! मग घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात भरून नेलं, तो हौदात बुडवल्यासारखं केलं आणि गटागट प्यालो. "वा मुकादम!" लोक म्हणाले.

पुढे वास सगळ्यांनाच आला. सखूबाई हौदाच्या कडेला मेथी धुवायची, आळ तिच्यावर.

"तुह्याच भाजीनं पानी नासलं. उचल टोपली!"

ती माझ्याकडे वळली. "मुकादमभाऊ, नळाच्या खड्ड्यात तं तुमी उतरले व्हते. सांगा ना यायले! का तोंडात शेन भरलं?"

मी पागोटं सावरत राहिलो. नंतर गुपचूप सांधे उकरून नीट केले, पाणी निवळलं, तर लोक काय म्हणाले? "पाय, माळीन गेली अन् पानी सुधरलं." थू!

बऱ्याच वर्षांनी वलगावच्या बाजारात ती भाजी विकताना शेवटची भेटली. वांगी निवडता निवडता म्हणाली, "त्या दिशी तांब्या घरून भरून आनला व्हता तुमी. म्या पायलं."

"मंग बोलली कावून नाही?"

"माहं कोन आयकते? तुमी सांगसान म्हनून वाट पायली... लय वर्सं." आणि माझ्या पिशवीत एक वांगं वरून फुकट टाकलं.

तो तांब्या अजून माझ्या फळीवर आहे. चिंचेने कितीही घासला तरी मला त्यातून गोठ्याचा वास येतो. त्या हौदावर, चारचौघांत, खरं काय ते सांगून, सखूबाईचं नाव घेऊन तिथलं पाणी प्यायचं... एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.