हाका कोण घालणार

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला, की मला झरीच्या मालकांच्या शेतातल्या आखाड्यावरची काही वर्षांपूर्वीची सकाळ आठवते. लिंबाखाली बाजेवर बसून मालक त्यांची जुनी रायफल तेलानं पुसत होते आणि शेजारी त्यांचे दोन म्हातारे शिकारी सोबती चहा पीत होते. दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची तसलीच रायफल तिची कंपनी पुन्हा बाजारात आणणार, अशी इंग्रजी बातमी मालकांच्या मोबाइलवर आली होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून वाचायला मला बोलावलं होतं. मी सगळी बातमी मराठीत सांगितली. "दस्ता लाकडाचा हाय का ते बघ. प्लास्टिकचा असला तर त्यापरीस काठी बरी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "रानडुकरं मारायची परवानगी काढू, मालक. लय दिवस झाले." मालक माझ्याकडं बघून हसले. "बापासारखा हाका घालशील ना रं? मारलेल्या डुकराचं डोकं अन् पाय नेहमीसारखे तुमच्याच वाट्याला." असाच डबे बडवत जनावर बंदुकीपुढं हाकलताना वडिलांच्या मांडीत गोळी शिरली होती. त्या सकाळीही ते बाजेजवळ खाली मातीत, तो पाय लांब करून बसले होते. मी मोबाइल बाजेवर ठेवला. "मालक, समदी बातमी वाचली. हाका कोण घालणार ते त्यात लिहिलेलं न्हाई. आमी घालणार न्हाई." वडील उठले आणि लंगडत माझ्यापुढं चालू लागले. वाटेत एवढंच म्हणाले, "ते डोकं मला कधीच आवडलं न्हाई." मालकांनी नवी रायफल घेतली की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरातून हाक्याला पुन्हा कुणी गेलं नाही, हे मात्र मी आजही ठासून सांगतो.