राक्षस बोलला ती मंडई

नायक नावाच्या प्राण्यावर माझा पहिल्यापासून राग आहे. आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे सोंगांच्या नाटकात, मी पेटी वाजवतो, त्यामुळे बरेच नायक जवळून पाहिलेत. तालमीला सगळ्यांच्या मागून येतात, पंगतीला सगळ्यांच्या आधी बसतात. माझा जीव होता तो राक्षसावर. म्हणजे झिंगू मारबतेवर.

झिंगू जातीचा ढिवर, वैनगंगेत जाळं टाकून पोट भरणारा. मार्कंड्याच्या अलीकडे आमचं गाव. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दिवसाढवळ्या दंडारीचा खेळ होतो. आमचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या एकच: शूर राजा जंगलात येतो, राक्षसाला मारतो आणि त्याच्या छातीवर पाय देऊन विजयाचं गाणं म्हणतो. राजा पाटलाच्या घरचा, राक्षस मारबत्यांच्या घरचा, हे ठरलेलं. राजाला भाषणंच भाषणं. राक्षसाने नुसती डरकाळी फोडायची आणि मरायचं. झिंगूच्या बापाने तेच केलं, आज्यानेही तेच.

चौऱ्याऐंशी साली झिंगूच्या लेकीला, मनकर्णेला, जातीतलंच स्थळ आलं. पोरगा माजरीच्या कोळसा खाणीत लागलेला. त्याला ती पसंत होती, तिला तो. घोडं अडलं ते होणाऱ्या इवायाशी, म्हणजे पोराच्या बापाशी, देवरावाशी.

"पोरगी सोन्यासारखी हाये," तो म्हणाला, "पर जो मानूस दरसाल गावासमोर पाटलाच्या पायाखाली लोळते, त्याच्याशी सोयरीक कशी करू? मंडईले येतो मी. पाहातो, मंग सांगतो."

मनकर्णेचं जेवणावरचं मन उडालं. मी झिंगूला म्हटलं, "यंदा सोंग सोडून दे."

तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "सोडलं तं दुसरा कोनी लोळंल. तो बी कोनाचा तरी बापच असंल ना?"

मंडईच्या दिवशी देवराव पुढेच येऊन बसला. राजा झाला होता पाटलाचा थोरला, गुणवंतराव. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण डोक्यावर मुकुट चढला की भल्याभल्यांची मान ताठते. त्याने लाकडी तलवार उपसली, "अरे दुष्ट राक्षसा, तुझा काळ जवळ आला आहे!" म्हणून गरजला आणि डरकाळीची वाट पाहत थांबला.

डरकाळी आलीच नाही.

"कोनाचा काळ?" झिंगूने विचारलं. "मी तं जेवून राह्यलो होतो."

मंडईत हशा पिकला. गुणवंतरावाला पाठ केलेलं तेवढंच येत होतं. "तू या वनात उच्छाद मांडला आहेस!"

"माह्याच घरी? शिंगं हायेत मले, कबूल. पर तू माह्या झाडाखाली झोपला, माह्या झऱ्याचं पानी पेला, तवा नाई म्हटलं राक्षस. तहान भागली, मंग आठवलं? काऊन मारतेस मले? माहा गुन्हा सांग."

एक ढिवर पाटलाच्या पोराला चारचौघांत अरे-तुरे करत होता, आणि तो राक्षस असल्यामुळे कोणाला काही म्हणता येत नव्हतं. मला तर पेटी सोडून नाचावंसं वाटलं.

"शूरांचा धर्म..." गुणवंतराव चाचरला.

"तुह्यासंगं एवढे शिपाई, मी एकटा. अन्‌ छातीवर पाय देतेस तो बी मी मेल्यावर. जित्तेपनी देऊन पाहा ना!"

बायकांत बसलेली शकुबाई, खुद्द गुणवंतरावाची आई, हसता हसता ओरडली, "सांग ना रे, काऊन मारतेस त्याले?"

गुणवंतरावाने मुकुट सावरला. मारण्याचं कारण त्याच्या भाषणात लिहिलेलंच नव्हतं.

शेवटी झिंगूलाच दया आली. "मार बापा. लोकाईले घरी जाचं हाये. पर पाय नोको देऊ. माह्या घरी लग्नाची पोरगी हाये."

तलवार लागली, राक्षस पडला. मी गाण्याचा सूर धरला. रीतीप्रमाणे गुणवंतरावाने पाय उचलला आणि तसाच उभा राहिला. मी पेटीवर तोच सूर ओढत राहिलो. मग त्याने पाय खाली घेतला, मुकुट काढून बाजूला ठेवला, आणि झिंगूच्या उशाशी मांडी घालून बसला. बसल्या बसल्याच त्याने विजयाचं गाणं म्हटलं. बेसूर म्हटलं, पण माझे डोळे भरून आले.

खेळ मोडल्यावर मनकर्णा बापाच्या तोंडाची काजळी पुसत होती. तिथे देवराव आला.

"पोरगी बी अशीच बोलते का?" त्याने विचारलं.

झिंगूचा चेहरा उतरला, पण खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "याच्याहून जास्त बोलते."

"बरं हाये. माह्या घरी सारे खाली मान घालून बसनारे, माह्यासकट."

मनकर्णेने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मंग आत्ताच सांगतो, मामाजी. बाबा पुढच्या साली बी राक्षसच होतीन."

देवराव तिच्याकडे बघून हसला आणि झिंगूकडे वळला.

"आता ते शिंगं तं उतरवा, इवाई," तो म्हणाला. "गळाभेट कशी घेऊ?"