छातीतली मांजर

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा? डॉक्टरीणबाई नाही, सरपंच तर नाहीच… रोहिणखेडची शबाना बांगडीवाली! मांडव अजून अर्धाच बांधलेला, आणि ही डोक्यावर पेटी घेऊन दारात हजर. मागे तिची लेक आलिया.

परवा रविवारी आमच्या अंगणात हृदय तपासायचं शिबिर होतं. माझी नात मुक्ता, तिच्या वाढदिवसाला माझी सून सुनीता दरवर्षी भरवते. पहिल्या वर्षी मी भांडले होते… लेकराच्या वाढदिवशी कोणी दवाखाना मांडतं का म्हणून. माझी शाळा दुसरीपर्यंत, मला काय कळणार. आता मांडववाल्याला फोन मीच लावते. आणि हेसुद्धा मोबाइलमध्ये बोलून बोलून मीच लिहिते आहे, चुकलं तर हसू नका.

मुक्ता चार वर्षांपूर्वी गेली. नऊ वर्षांची होती. शाळेत लंगडी खेळताना पडली, ती उठलीच नाही…

शबाना काही शिबिरासाठी आली नव्हती बरं का. बायका जमतील, बांगड्या खपतील, एवढंच तिचं गणित. ती पेटी उघडून बसली आणि आलिया सरळ आत जाऊन मधल्या उंबऱ्यावर बसली. डावा पाय उजव्या पायावर ठेवून… मुक्ता तिथेच बसायची, अगदी तशीच.

कोणाचंही लेकरू घरात आलं की मी कानशिलावर बोटं मोडून त्याची दृष्ट काढते, मग जवळ घेते. आलियालाही बोलावलं. मी बाजेवर बसलेली, ती उभी, म्हणून माझा कान बरोबर तिच्या छातीवर टेकला. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. भर दुपारी घर असं गप्प झालं की काय सांगू…

आणि आतून आवाज आला. घुर्र… घुर्र…

हा आवाज मी ओळखते. मुक्ता माझ्या कुशीत झोपायची तेव्हा रोज ऐकायचे. "आजी, माह्या छातीत मांजर झोपली हाय," म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो. कफ असेल म्हणून मी ओव्याचा शेक द्यायचे.

मी भिंतीवरच्या मुक्ताच्या फोटोकडे पाहिलं. फोटो जागेवर होता. आलिया माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "दादी, मांजर ऐकू येऊन राह्यली ना?"

खरं सांगते, मांजराचं मी त्या मायलेकींना कधी सांगितलं नव्हतं.

"काय झालं मावशी? भूत पाह्यलं काय?" शबाना हसत म्हणाली.

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई आल्या की हिले पहिल्यांदा दाखव. तर ती पेटी आवरायलाच लागली. "नको मावशी. पोरगी धडधाकट हाय. पयताना थोडा दम लागते, बस. उद्या गावभर झालं का हिले दिलाची बिमारी हाय, तर निकाह कोण करीन हिच्याशी?"

"आमच्या मुक्तीचं नाव कोणीच खराब नाही केलं बाई," मी म्हटलं. "पाह्य, कसं हार घालून ठेवलं हाय."

शबाना फोटोकडे पाहतच राहिली. मुक्ताला दर दिवाळीला बांगड्या तिनेच भरल्या होत्या. पेटी तशीच उघडी टाकून ती लेकीचा हात धरून उठली…

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या आलियाला नळी लावली, पुढून-मागून फिरवून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आजी, नुसत्या कानानं कसं कळलं तुम्हाला?" मी मांजराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या पुस्तकातही तसंच लिहिलंय… मांजराच्या घुरघुरीसारखं."

सुनीताच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला. आमची मांजर पुस्तकात होती… आणि आम्ही ती शेजारणींना बोलावून कौतुकानं ऐकवत होतो. सुनीता आलियापुढे गुडघ्यावर बसली, तिच्या छातीला कान लावला आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. पोरगी हलली नाही. मोठ्या बाईसारखी सुनीताच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

झडप अरुंद असावी म्हणतात. अकोल्याला तपासलं की पक्कं कळेल, पण वेळेत सापडलं, उपचार आहेत. तोवर पळापळ बंद. मला इतका आनंद झाला की डॉक्टरीणबाईंना दोनदा शिरा वाढला, नको नको म्हणत असताना! तुमच्याही लेकराच्या छातीत अशी घुरघुर असेल, खेळताना चक्कर येत असेल, तर बाबांनो, शेकत बसू नका. दाखवा.

जाताना शबानानं फोटोपुढे लाल बांगड्या ठेवल्या. आलियानं आधी स्वतःच्या हातात घालून पाहिल्या. "माह्याच मापाच्या हायत," म्हणाली…

उंबऱ्यावरची ती जागा मी आज पुसून ठेवली. बुधवारी अकोल्याला जाऊन, रिपोर्ट घेऊन दोघी गुरुवारी येतो म्हणाल्यात.