उंचीच्या क्रमाने लागलेले निकाल

ही गोष्ट मी पंधरा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही. साताऱ्यात आम्ही निवृत्त फौजी रोज सकाळी चहाला जमतो, तिथंही सांगितली नाही. तिथं पराक्रम ऐकायला सगळे तयार असतात, चूक सांगायला लागलं की कुणाला तरी घरी काम आठवतं. आता गुडघे गेले, ऐकू कमी येतं. नीट सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

फौजेत मी स्टोअरचा क्लार्क होतो. हे काम मला कसं मिळालं, ते आधी सांगायला हवं. भरती झाल्यावर उस्तादांनी आम्हाला उंचीप्रमाणे एका ओळीत उभं केलं, उजवीकडे उंच आणि डावीकडे बुटके. मग गिनती झाली. विषम नंबर एक पाऊल पुढं, ते ड्रायव्हर. सम नंबर एक पाऊल मागं, ते स्टोअरला. माझा नंबर चौदा होता. पुढची चोवीस वर्षं मी बूट आणि मच्छरदाण्या मोजल्या.

अशा माणसाला जत तालुक्यातल्या एका शाळेनं, उतारवयात, शिस्त आणि करिअर मार्गदर्शन अशा दोन कामांसाठी घेतलं. शिस्त आहे तर दुसरंही असेलच, असं मुख्याध्यापकांनी धरलं. मीही तसंच धरलं.

दहावीच्या अडतीस मुलांसाठी सांगलीहून एक चाचणी आली. नाव होतं ‘स्वतःला ओळखा’. सुट्टीच्या दिवशी कोणता छंद जोपासता, या प्रश्नाला बावीस जणांनी ‘टँकरच्या रांगेत उभं राहणे’ असं लिहिलं. गुप्तता राहावी म्हणून पेपरवर नाव नको, फक्त हजेरी क्रमांक घाला, अशी सूचना होती. ती मी वाचली, आणि सवयीनं पोरांना मैदानात उंचीप्रमाणे उभं केलं, गिनती घेतली आणि सांगितलं, ज्याचा जो नंबर आला तो पेपरवर घाला.

महिन्याभरानं अहवाल आले, तोवर मी गिनती विसरलो होतो. शाळेचा हजेरीपट घेतला, अहवाल सातवर सातव्या मुलाचं नाव, आठवर आठव्याचं, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पालकांना बोलावून निकाल वाटले. मला शाल मिळाली. एकाही पालकानं तक्रार केली नाही, उलट जो तो म्हणायचा, अगदी बरोबर आलंय. रोज कुणाला तरी बदडणाऱ्या पोराला ‘शांत, सेवाभावी’ असं आलं. तो बिचारा दोन महिने कुणाच्या अंगाला हात लावू शकला नाही. सगळ्यांत बुटक्या पोराला ‘उंचीवरील कामास योग्य’ असं आलं. त्याच्या बापानं त्याला दुसऱ्या दिवसापासून गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवायला सुरुवात केली. टाकीत पाणी कधीच नसल्यामुळं कुणी हरकत घेतली नाही. तो आज मोबाइलच्या टॉवरवर चढून पोट भरतो आणि दिवाळीला मला वरूनच फोन करतो.

निकाल वाटल्याच्या चौथ्या दिवशी, अहवालांबरोबर परत आलेला पेपरांचा गठ्ठा कपाटात ठेवताना एकतिसावा पेपर वर आला. बारीक, तिरकं अक्षर. ‘कोणती गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळते’ याखाली लिहिलं होतं, मेंढरू आजारी पडायच्या आदल्या दिवशी कळपाच्या कडेनं चालतं, रवंथ कमी करतं, ते मला दिसतं. पुढं पानभर मेंढरांची दुखणी, क्रमवार. हा पेपर वर्गातल्या मेंढपाळाच्या मुलीचा होता, हे सांगायला नावाची गरज नव्हती. पण हजेरीपटात ती सातवी. तेव्हा मला मैदानातली गिनती आठवली. म्हणजे तिला मिळाला होता ओळीतल्या सातव्याचा अहवाल, लग्नात माईक धरून नवरदेवाच्या मित्रांना नाचायला बोलावणाऱ्या एका लांबड्या पोराचा.

मी मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुणाची तक्रार हाय का, हवालदारसाहेब?” नव्हती. “मग तुमी कशाला काढताय?”

शाल घरात घडी घालून ठेवली होती. मी गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पाचव्या दिवशी ती मुलगी वडिलांना घेऊन आली. अहवालात लिहिलं होतं, वक्तृत्व उत्तम, विज्ञानाकडं कल नाही, कला शाखा घ्यावी. वडील दाराशीच थांबले. ती खाली बघत म्हणाली, “सर, मला जनावरांचं डाक्टर व्हायचं हाय. आनि मी तर चारचौघांत बोलत बी न्हाई.”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “माणसाला स्वतःचं कळत नसतं, म्हणून तर चाचणी घेतात.” वडिलांनी मान डोलावली. तिनं कला शाखेचा अर्ज माझ्याच पेनानं भरला.

गेल्या महिन्यात कानांसाठी मिरजेला एका दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवर माईकवरून नंबर पुकारणारी बाई माझ्याकडं बघून थांबली. “आवं सर, तुमी?”

तिनं मला खुर्ची दिली आणि पुकारता पुकारता मधल्या वेळात सगळं सांगितलं. कॉलेजात स्टेजवर चार वेळा तिला घेरी आली. पाचव्यांदा आली नाही. आता दिवसाला दोन-अडीचशे माणसांना हाका मारते. भाऊ अजून मेंढरं राखतो, एखादं आजारी पडलं की हिलाच फोन करतो, ही इथून विचारते, कडेनं चालतंय का. बोलता बोलता तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढला. अहवाल क्रमांक सात, लॅमिनेट केलेला. खाली माझी सही.

“तुमच्यामुळं मला माझं कळलं, सर. न्हाईतर मी मेंढरांतच ऱ्हायले असते.”

मी तोंड उघडलं. तिनं बोटानं थांबवलं आणि माईकवर माझाच नंबर पुकारला. तपासून बाहेर आलो तर काउंटरवर दुसरी बाई बसली होती. सातारच्या गाडीला वेळ होता. मी अर्धा तास तिथंच बसलो, ती परत येईल म्हणून, आणि येऊ नये म्हणूनही.

तिला सांगायचं होतं ते एवढंच होतं. पोरी, तो कागद तुझा नाही. तुझा पेपर एकतिसावा होता, आणि तो वर्गात सगळ्यांत चांगला होता. तू विचारायला आलीस तेव्हा मला हे माहीत होतं. मला माफ कर.