कानसेनाने निवडलेलं इंजिन

त्याला सगळे कानसेन म्हणत. तीस वर्षं डिझेल गाड्या दुरुस्त करून त्याने हे नाव कमावलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मिनिटभराने सांगायचं, "तिसरा इंजेक्टर." उघडून पाहिलं की तिसराच निघायचा. जुनी गाडी घेणारे लोक विक्रेत्याच्या शब्दावर नाही, कानसेनाच्या मानेवर भरवसा ठेवायचे. मान हलली की सौदा पक्का.

पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते कान दगा द्यायला लागले. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोनची घंटा. जाडे आवाज कळायचे, बारीक आवाज मात्र कुठेतरी विरून जायचे. टीव्हीचा आवाज किती वाढवता म्हणून बायको कुरकुर करायची, तेव्हा तो बातम्या वाचणाऱ्यांना नावं ठेवायचा. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाइकाला बोलतं करून दुखणं काढून घ्यायचं, बोनेटवर हात ठेवून थरथर जोखायची आणि मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा, तो नुसता बघणाऱ्यांसाठी. अनुभव एवढा दांडगा की दहातली नऊ निदानं बरोबर यायची.

दहावी वेळ आली ती नेमकी सख्ख्या बहिणीच्या वाट्याला.

त्याची धाकटी बहीण नर्स होती. आरोग्य केंद्रातून ती घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची. तिची आधीची गाडी थकली होती, म्हणून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे तिने दोन गाड्या बघून ठेवल्या. मॉडेल एकच, फरक होता इंजिनात. पहिलीत आधीच्या आवृत्तीचं इंजिन होतं, व्हॉल्व्हची उघडझाप साखळीने, म्हणजे टायमिंग चेनने, करणारं. दुसरीत नंतरच्या आवृत्तीचं, तिथे कंपनीने चेन काढून बेल्ट दिला होता. बेल्ट ठरावीक पल्ल्यानंतर बदलावा लागतो, चेन सहसा बदलावी लागत नाही. पण ती सैल झाली तर सुरुवातीला बारीक खुळखुळ येते आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस तुटून सगळं इंजिन घेऊन जाते. धाकटीचा ओढा बेल्टवाल्या गाडीकडे होता. ती कमी चाललेली होती. पण दादाला विचारल्याशिवाय ती घेणार नव्हती.

सकाळी थंड इंजिन चालू करून दाखवा, असं कानसेनाने विक्रेत्याला सांगितलं. चेनची खुळखुळ थंड इंजिनातच कळते, ही रीत त्याला पाठ होती. चेनवाली गाडी चालू झाली. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. त्याला एक सलग, भरदार घरघर ऐकू आली, बस.

धाकटीने विचारलं, "दादा, सुरुवातीला काहीतरी खुळखुळल्यासारखं वाटलं का रे?"

विक्रेता बघत होता. शेजारी गिअरबॉक्सची कामं करणारा मिस्त्री उभा होता, तोही बघत होता. पुन्हा चालू करून बघू, एवढं म्हणायला हवं होतं. पण पुन्हा ऐकूनही कळलं नाही तर?

"डिझेल आहे ते, सतार नव्हे," तो म्हणाला.

सगळे हसले. धाकटीही हसली आणि तिने चेनवाली गाडी घेतली.

पाच महिन्यांनी, भर दुपारी, ती एका बाळंतिणीकडे निघालेली असताना गाडी रस्त्यात बंद पडली. चेन तुटली होती. पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळले, इंजिनाचा निकाल लागला. पेटी हातात धरून धाकटी चालत गेली, थोडा रस्ता तिला एका दूधवाल्याने पोचवलं. पोचली तेव्हा बाळ आलेलं होतं आणि आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. धाकटीने तिला सावरून इस्पितळात हलवलं. दोघं वाचली, पण त्या बाईला नऊ दिवस खाटेवर काढावे लागले.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. कानसेनाने इंजिन उघडलं. चेनला जागेवर धरणारे पट्टे झिजून कागदासारखे झाले होते. ही झीज पाच महिन्यांची नव्हतीच. त्याने ती बघता क्षणी ओळखली. धाकटी समोर उभी होती, तिचा चेहरा उतरलेला. आणि त्याच्या तोंडून निघालं, "तेल बघत होतीस का वेळच्या वेळी?"

तिने आठवून बघितलं. मग म्हणाली, की एकदा पंधरा दिवस उशीर झाला होता.

"मग काय," तो म्हणाला.

तिने ते खरं मानलं. केंद्रात वरिष्ठांना सांगितलं, माझाच निष्काळजीपणा. बाळंतिणीच्या घरच्यांचीही तिने तसंच सांगून माफी मागितली. हे त्याला बायकोकडून कळलं, जेवताना.  त्यानंतर तीन आठवडे तो बहिणीच्या नजरेला नजर देईना. ती बोलायला आली की गाडीखाली शिरायचा. गिऱ्हाईक कौतुकाने काही बोललं की त्याला कानकोंडं व्हायचं. रस्त्यात तान्हं बाळ घेतलेली बाई दिसली तरी तो पलीकडच्या बाजूला जायचा.

शेवटी एका सकाळी कामाचे कपडे न बदलताच तो आरोग्य केंद्रात गेला. धाकटी बाळांच्या वजनाचा काटा पुसत होती. दारातच उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. मला ऐकू आलं नाही. तुला आलं होतं. तेलाचा काही संबंध नव्हता.

तिने फडकं खाली ठेवलं. त्याला स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवलं. "मी मागून आकडे म्हणते, ते तू परत म्हण," ती म्हणाली.

तो बसला. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. ती कधी सुरू करते याची वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने ती फिरून समोर आली.

"चारदा म्हणून झालं, दादा."

त्याने मान खाली घातली. हाताला लागलेलं ग्रीस तो पॅंटला पुसत राहिला.

"ऐकू येत नाही याची लाज वाटली तुला," ती म्हणाली, "आणि मी चारचौघांत चूक कबूल करत फिरत होते, त्याची नाही वाटली?"

"त्याचीच जास्त वाटली."

"मग तीन आठवडे काय करत होतास?"

 तिने समजूत घातली नाही. कानाच्या डॉक्टरांकडची वेळ घेऊन कागद हातात दिला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

तो तिथून थेट त्या बाळंतिणीच्या घरी गेला. ती दोरीवर लंगोट वाळत घालत होती. तिला त्याने सांगितलं, की नर्सताईंची चूक नव्हती, गाडी मी निवडली होती, मला कमी ऐकू येतं आणि ते मी लपवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "नर्सताईंना हे माहीत आहे ना?" माहीत आहे म्हटल्यावर ती पुन्हा कामाला लागली. तो फाटक लावून निघाला.

महिन्याने धाकटी पुन्हा गाडी बघायला गेली. बेल्टवालं इंजिन असलेली तशीच एक गाडी आली होती. तिने दादाला ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. तो गेला. कानामागे नवं यंत्र होतं, त्यात अजून सगळेच आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखे यायचे. त्याने जाताना गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रीला सोबत घेतलं होतं.

विक्रेत्याने इंजिन चालू केलं आणि सवयीने कानसेनाकडे बघितलं.

"मला नका विचारू," तो म्हणाला.  "मला ऐकू येत नाही. हे ऐकतील. आणि हिला विचारा, हिला येतं."

मिस्त्रीने कान दिला. धाकटी बोनेटवर वाकली, डोळे न मिटता, नीट लक्ष देऊन. मग सरळ उभी राहून तिने विक्रेत्याला विचारलं, बेल्ट शेवटचा कधी बदलला आणि त्याची पावती आहे का.