स्की आणि स्का

नारायणगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांच्या कागदांवरची नावं जुळवण्यात गेली. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की अर्ज परत येतो, म्हणून मीच माणसांना दारातून परत पाठवतो.

गेल्या हिवाळ्यात मुलगी पोलंडहून तीन वर्षांच्या नातीला घेऊन आली. जावई तिकडचाच, तो कामामुळे तिकडेच थांबला. परतीला आठ दिवस उरले आणि नातीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस विमानाचं नाव काढू नका. नातीचा पासपोर्ट पोलंडचा आणि व्हिसा मात्र त्याआधीच संपत होता.

"पप्पा, काय करायचं?" मुलगी रडकुंडीला आली.

"हे तर माझंच काम," मी म्हटलं आणि पुण्यातल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसाकडे मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी शेरा आला. अर्जदार बालिकेचं आणि तिच्या वडिलांचं आडनाव जुळत नाही, खुलासा करावा.

जावयाच्या पासपोर्टची प्रत आणि नातीचा पासपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवले. जावयाचं आडनाव 'स्की'वर संपत होतं, नातीचं 'स्का'वर. बाकी सगळं तेच. कुणाकुणाच्या चुका काढत बसलो आणि घरातलीच दिसली नाही! मुलीला फोन लावला.

"चूक नाही ती, पप्पा. तिकडे बाईमाणसाचं आडनाव असंच असतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

मग दुकानातूनच जावयाला व्हिडिओ कॉल केला. माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारत गेलो, तो शांतपणे सांगत गेला. त्याच्या आईचं, बहिणीचं आडनाव 'स्का'. शेजारच्या चेक लोकांत बहुतेक बायकांच्या आडनावाला 'ओवा' लागतं. लिथुआनियात बायकोच्या आडनावाचं शेपूट वेगळं, बिनलग्नाच्या मुलीचं आणखी वेगळं. ग्रीक बाप 'स'वर संपतो, मुलगी बहुधा त्या 'स'शिवाय. आणि जर्मन माणसाच्या घरात सगळ्यांचं एकच. ऐकता ऐकता माझा जीव आणखीच खालीवर होऊ लागला. इतकं सगळं पुण्यातल्या ऑफिसात कोण ऐकून घेणार?

बाकावर महाळुंगे पडवळ गावच्या एक मावशी कागदांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं, भाऊ?" मी सांगितलं.

"म्हंजी पाटलाची पाटलीण, मास्तराची मास्तरीण. तसंच की."

"तसंच, मावशी."

"मंग माझ्या नावाला एका कागदाव बाई हाये, दुसऱ्याव न्हाई, तर तुमी मला दोनदा माघारी का धाडलं?"

त्या दुपारी मी दोन खुलासे टाइप केले. मावशींचा आधी.

नातीच्या खुलाशाला जावयाने मेलवर पाठवलेले त्याच्या आईवडिलांचे कागद जोडले आणि सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो. व्हिसा संपायला तीन दिवस होते. टेबलापलीकडच्या मॅडमनी खुलासा वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे आजोबा, स्की?"

"हो."

"ही आजी, स्का?"

"हो, मॅडम. मुलगा बापासारखा, नात आजीसारखी."

त्या हसल्या नाहीत. "कळवू," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होतो. गिऱ्हाइकाच्या फॉर्मात जन्मतारखेच्या जागी मोबाईल नंबर टाकला. घरी नात अंगभर गुलाबी लोशन लावून मजेत फिरत होती, आणि तिला कुणी बेकायदेशीर ठरवील ही भीती मला सोडत नव्हती. मुलीवर दोनदा विनाकारण खेकसलो.

मंजुरी आली ती मुदत संपायच्या आदल्या दिवशी. मी मुलीला ओरडून सांगितलं, पण माझा धसका काही गेला नाही. तीन आठवड्यांनी त्यांना विमानतळावर सोडलं, तेव्हा खुलाशाच्या चार प्रती तिच्या पर्समध्ये कोंबल्या. आत सोडेनात म्हणून काचेबाहेर उभा राहिलो. तासाभराने तिचा मेसेज आला. 'काउंटरवर आडनावाचं विचारलं. कागद दाखवला. शिक्का मारला.'

मी पार्किंगच्या कठड्यावर बसलो. मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला.